सही जुळत नाही

आस्थापना विभागाच्या दिघावकर साहेबांना अर्ज नाकारण्यात फार गोडी. उज्ज्वलाची मात्र नोकरीच टांगणीला लागली होती. लेकीच्या खुळखुळ्यावरून घसरून उजवा हात मोडला होता आणि वैद्यकीय रजा मंजूर झाली नाही, तर गैरहजर म्हणून तिचं नाव कटणार होतं.

साहेबांनी तिची डाव्या हाताची सही निरखली आणि अर्जावर ऐटीत लिहिलं, ‘नामंजूर’.

“सही रेकॉर्डशी जुळत नाही, बाई.”

“साहेब, हाताला प्लास्टर आहे. डॉक्टरांचा दाखलाही जोडलाय.”

“डॉक्टर काय, काहीही लिहितात. आम्ही का मानावं?”

उज्ज्वलाने अर्ज पुन्हा साहेबांपुढे सरकवला. ती चाचरत म्हणाली, “बरं. मग सही का जुळत नाही, तेवढं कारणाच्या रकान्यात लिहून द्या.”

कारण लिहिण्यात साहेबांचा हात कोण धरणार! त्यांनी झोकात लिहिलं, ‘अर्जदाराचा उजवा हात निकामी असल्याने.’ खाली सही केली, शिक्काही मारला.

उज्ज्वलाने ते मोठ्याने वाचलं. “डॉक्टरांचं राहू द्या, साहेब. आता तुमचं तरी मानाल ना?”

अख्खा विभाग फायलींमागे तोंडं लपवून खिदळू लागला. साहेबांनी मुकाट्याने ‘नामंजूर’मधला ‘ना’ खोडला.