लाल पटक्याची जागा

विषय : पायऱ्या उंच होणे, कापड आटणे, माणसे पुटपुटू लागणे व नदीचा जोर वाढणे याबाबत.

संदर्भ : एका शिष्याच्या तोंडी तक्रारी, वेळोवेळी केलेल्या.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, एकदा एका नदीकाठच्या गावात पोहणे शिकवणारे एक वृद्ध गुरू राहत होते. सारे गाव त्यांना आबा म्हणे. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी पाठीवर सुका भोपळा बांधून पाण्यात ढकलले होते. उरलेली निम्मी त्या धास्तीने लांबूनच नमस्कार करीत. त्यांचा पट्टशिष्य रंगनाथ. धंद्याने धान्याचा व्यापारी. वय साठीच्या आसपास. त्याच्या मते बरेच अलीकडे.

गावाची रीत अशी होती : श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, नदी भरून वाहत असताना, गावातर्फे एकाने घाटावरून उडी टाकून पलीकडे जायचे आणि तिथल्या महादेवाला बेल वाहायचा. मिशी फुटल्यापासून हा मान रंगनाथाकडे होता. आबा त्या दिवशी आधीच होडीने पलीकडे जात आणि डोक्याला लाल पटका बांधून, हातात कोरडा पंचा घेऊन काठावर उभे राहत. शिष्याने त्या लाल रंगाकडे बघत हात मारायचे, बाहेर येऊन अंग पुसायचे, मग दोघांनी मिळून देवळाकडे चालायचे.

अलीकडे रंगनाथाच्या तक्रारी वाढल्या होत्या. दुकानाच्या पायऱ्या गवंड्याने उंच बांधल्या. शिंपी आटणारे कापड गळ्यात मारतो. नोकर मुद्दाम पुटपुटतात. बसल्या जागेवरून उठताना त्याच्या तोंडून 'आई गं' निघे, ते मात्र मातृभक्तीमुळे.

"आणि आबा, देवळाची वाट हल्ली एवढी लांब कशी झाली?" एकदा त्याने विचारले. "पूर्वी पाण्यातून बाहेर आलो की समोर पायरी असायची."

"रंगा, तुझं वय झालं रे."

"छे! पुजाऱ्यानं वाट वळवली असणार. शिवाय नदीचा जोर वाढलाय. तुमच्या लक्षात यायचं नाही, तुमची नजर कमी झालीय."



त्या वर्षीचा सोमवार आला. घाटावर ढोल वाजू लागला, गाव गोळा झाले. रंगनाथाने कमरेला बेलाची पुडी बांधली.

"जपून हो," बायको म्हणाली. "मागच्या वेळी आठवडाभर तेल चोळत होते मी."

"लचक भरली होती, दुसरं काही नाही."

"दोन्ही खांद्यांत एकदम?"

याचे उत्तर देण्याऐवजी त्याने उडी टाकली.

मध्यावर येऊन त्याने डोके वर काढले, आणि समोर लाल पटका नव्हता. समोर नुसती झुडपे होती. त्याने इकडेतिकडे पाहिले. पटका होता, पण पार वरच्या अंगाला, देवळाच्या पायरीपाशी, कुंकवाच्या टिकलीएवढा. रंगनाथ हादरला. म्हातारा भ्रमिष्ट झाला, हा त्याचा पहिला विचार. आज नेमका भलत्याच जागी जाऊन उभा राहिला! त्याने प्रवाह कापत तिकडे तोंड वळवले आणि जोर लावला. जोर लावला असे त्याला वाटले. हातांना तसे काही कळवलेले दिसत नव्हते. टिकली जवळ येण्याऐवजी लांब चालली. खालच्या अंगाला भोवरा होता, अख्खे झाड गिळून सोललेले लाकूड बाहेर टाकणारा. त्याचा आवाज आता स्पष्ट येत होता. आपण बुडू शकतो, ही गोष्ट रंगनाथाला जन्मात प्रथमच सुचली, आणि तिचे आश्चर्य इतके वाटले की तोंड उघडे राहून त्यात पाणी गेले.

भोवऱ्याच्या थोडे अलीकडे त्याच्या अंगावर दोर पडला. पलीकडच्या काठालगत, कमरेइतक्या पाण्यात कोळ्यांचे दोन तरुण उभे होते. त्यांनी त्याला ओढून घेतले.

"या शेठ, या," त्यातला एक लग्नघरी पाहुण्याला म्हणावे तसा म्हणाला. "आबांनी सांगितलंच होतं, इथंच लागाल म्हणून."

"कधी सांगितलं?"

"कालच. काठावरचं झाडसुद्धा दाखवून गेले."

रंगनाथ काठाकाठाने वर चालत गेला. बेल वाहून गेला होता. पायरीपाशी पोहोचेपर्यंत भीतीचा राग झाला होता.

"आबा, मी मेलो असतो! दरवर्षीची जागा सोडून तुम्ही इथं का उभे राहिलात?"

आबांनी पंचा पुढे केला. "दरवर्षीची जागा कोणती?"

"कोणती म्हणजे? मी जिथं लागतो ती!"

वाक्य पुरे झाले, आणि ते त्याला स्वतःलाच ऐकू आले. तो पंचा हातात धरून तसाच उभा राहिला. अंग पुसायचेही त्याला सुचेना.

"पहिल्या वर्षी मी इथं उभा होतो," आबा म्हणाले. "तू ह्या पायरीला लागलास, अंगठा ठेचून घेतलास. पुढं तू जरा खाली लागू लागलास, म्हणून मीही जरा खाली सरकलो. दरवर्षी थोडा. तू काठ कधी पाहिलाच नाहीस, माझा पटका पाहिलास. पटका समोर आहे म्हणजे आपण होतो तसेच आहोत, असं तुला वाटत राहिलं. मलाही तुझं मन मोडवेना. पण यंदा सरकायचं तर भोवऱ्यात उभं राहावं लागलं असतं. ते मला जमणार नाही रे."

रंगनाथाने पाण्याकडे पाहिले. नदी नेहमीसारखीच वाहत होती.

"म्हणजे मी आता पोहायचं नाही?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"कोण म्हणालं? पोह की. फक्त घाटावरून उडी टाकू नकोस. वरच्या वळणावरून टाक. नदी तुला खाली आणणार, ते धरूनच निघ. बरोबर ह्या पायरीला लागशील. मी नाही का, पूर्वी तुमचा ढोल ऐकून घरातून निघायचो, आता उजाडताच निघतो? होडी चुकत नाही."

"पण आबा, ढोल घाटावर वाजतो. सगळं गाव तिथं असतं. त्यांच्या देखत मी वरच्या वळणापर्यंत चालत जायचं?"

"हो. पोहण्यापेक्षा तेच अवघड आहे," आबा म्हणाले.

रंगनाथाने हळूहळू अंग पुसले. पायरीजवळच्या झाडाचा बेल तोडून दोघांनी देवाला वाहिला. परतताना होडीत त्याने एकच वाक्य उच्चारले : "विचार करतो."

तात्पर्य काढण्याचे काम पूर्ण झाले आहे. अंमलबजावणीबाबत सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे : नदी ओसरल्यावर एका सकाळी रंगनाथ वरच्या वळणावर एकटाच उभा राहून पलीकडच्या पायरीचा अंदाज घेताना दिसला. हटकले असता, म्हैस शोधायला आलो, असे त्याने सांगितले. त्याच्याकडे म्हैस नाही. पुढचा श्रावण अद्याप लागलेला नसल्याने निर्णय प्रलंबित आहे.