मानेमागे गेलेले हात

“मग आता मी कोण, ते तरी सांगा.”

फकीर सैदबाबा चुलीत काटक्या सारत होते. माळावरच्या त्यांच्या झोपडीत दोघांखेरीज कुणी नव्हतं. दाराला लावलेलं गोणपाट पौषातल्या वाऱ्यानं फडफडत होतं.

“तू कोण नाहीस, ते झालं का सांगून?”

“झालं.”

“परत सांग. अर्धं वाऱ्यात गेलं.”

समोरचा तरुण ताठ बसला. तो खालच्या गावातल्या पोतराजाचा थोरला मुलगा. जन्मला तेव्हाच मरीआईला वाहिलेला. याच्या केसांना कात्री लागायची नाही, मोठा झाला की हा कमरेला घागरा बांधील, बापाचा आसूड घेईल, असा नवस त्याच्या वतीनं दुसऱ्यांनीच बोलून ठेवला होता. तो शिकायला दिल्लीला गेला. तिथंच त्यानं जटा कापली.

“मी पोतराज नाही. मी मरीआईचा नाही. बापानं ठेवलेलं मरीबा हे नावसुद्धा मी टाकलं. आता मी निर्भय.”

“निर्भय…” बाबांनी शब्द तोंडात घोळवला. “कशाला भीत होतास?”

तरुणानं गुडघ्यावर पडलेली राख झटकली.

“बरं, गावात काय म्हणतात?”

“काहीच म्हणत नाहीत. मी पारावर बसलो की बाकीचे उठतात. देवीला दिलेलं माणूस फिरलं, आता गावावर काहीतरी येणार, असं त्यांना वाटतं. वडील बोलत नाहीत. आई देव्हारा डोक्यावर घेऊन मागायला निघते, आणि वाटेत मी दिसलो की दुसऱ्या आळीनं जाते.”

“आणि शहरात?”

“तिथं व्यासपीठावर बसवतात. हार घालतात. ओळख करून देतात…” तो अडखळला. “माजी पोतराज म्हणून.”

“टाळ्या?”

“खूप.”

“मग?”

“मग सगळे आपापल्या घरी जातात.”

बाबांनी फुंकणी उचलली, पण फुंकली नाही.

“म्हणून तुमच्याकडे आलो. मला फकीर करा. तुम्हाला जात नाही, घराणं नाही. एकदा कफनी अंगावर आली की कुणी विचारणार नाही, तू कुणाचा.”

“मला विचारतात की. परवाच एक बाई विचारत होती, खोकल्यावर काय देता?”

“थट्टा नको, बाबा. मी सगळं जाळून आलोय.”

“कळतंय. धूर अजून नाकात जातोय.”

“तुम्हीही हसणार असाल तर…” त्यानं दाराकडे पाहिलं. “मला जायला दुसरी जागाच नाही.”

बाबांनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं.

ते उठले. अंगातली कफनी काढली आणि त्याच्यापुढे धरली. आतून निघालं एक हडकुळं म्हातारं शरीर, बरगड्या मोजाव्यात असं.

“घाल.”

“असंच? काही म्हणायचं नाही?”

“डोकं मधल्या भोकातून काढ. बाहीत घातलंस तर अडकेल.”

तरुणानं कफनी डोक्यावरून घेतली. जाड, ठिगळांची, धुराच्या वासाची, दुसऱ्याच्या अंगानं ऊब धरलेली. डोकं बाहेर आलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

आणि त्याचे दोन्ही हात मानेमागे गेले.

बोटं गळपट्टीत शिरली. आत अडकलेलं काहीतरी जड, लांब, त्यांनी हळूच मुठीत धरलं… आणि पाठीवर सोडायला बाहेर ओढलं.

मुठी रिकाम्या होत्या.

हात तसेच हवेत राहिले. त्याला ते खाली घेता येईनात.

“बाबा…”

“हं.”

“जटा कापून वर्ष उलटून गेलं.”

“हं.”

“मग हे कोण करतंय?”

गोणपाट उडालं, पुन्हा दारावर आपटलं. दूर माळावर एक टिटवी ओरडत गेली.

तरुणानं हात समोर आणले आणि पाहत राहिला. अनोळखी गावात कुणीतरी ओळखीचं भेटावं, आणि नाव मात्र आठवू नये, तसा.

“तरीही ठेवून घ्या मला,” तो म्हणाला. व्यासपीठावरचा आवाज आता त्यात नव्हता.

बाबांच्या उघड्या अंगावर काटा आला होता. त्यांनी हात पुढे केला.

“थंडी वाजतेय. दे इकडे.”

त्यानं कफनी उतरवली. उतरवताना हात पुन्हा मानेकडे निघाले. या वेळी त्यानं त्यांना जाऊ दिलं.

बाबांनी कफनी चढवली, चुलीत फुंकर घातली, जर्मनच्या पातेल्यात पाणी ओतलं.

“मी निघू मग?”

“चहा टाकलाय. निघतोस कुठं?”

“पण फकीर करणार नाही.”

“नाही.”

“का?”

बाबांनी चुलीपलीकडची जमीन हातानं झाडली. तिथले खडे वेचून बाजूला टाकले.

“फकिराची जागा भरलीय, पोरा. तुझी रिकामी पडलीय.”