सोनाक्कांची दोरी

“…पण दोरी कशाला, आक्का? ह्या जमान्यात?”

खरमाटे साहेबांना ते बघवेना. मठाच्या अंगणात सोलरचं पॅनेल, पॅनेलला सुताची दोरी आणि दोरीच्या टोकाला ऐंशी वर्षांच्या सोनाक्का! कडुनिंबाची सावली सरकली की आक्का आपली घोंगडी सरकवायच्या आणि जाता जाता दोरी ओढून पॅनेल सूर्याकडे वळवायच्या. दिवसातून चारदा. त्यावर विहिरीचा पंप चालायचा आणि मठातल्या अकरा गाईंचा हौद भरायचा.

“सावली हलली की मी हलते,” आक्का म्हणाल्या. “मग ह्यालाही हलवते.”

“अहो, मी कार्यकारी अभियंता आहे! बेचाळीस गावांत वीज नेली मी. माझी जीप दिसली की माणसं उठून उभी राहायची…”

“निवृत्त होऊन किती झाली?”

“…दोन वर्षं.”

आक्का घोंगडीवरचा काडीकचरा झटकत बसल्या.

साहेब आठ महिने ह्या टेकडीवर खेटे घालत होते. आक्कांचा अनुग्रह हवा होता. घरी जीव रमत नव्हता, फोन वाजत नव्हता, आणि आक्का दर वेळी नुसतं “बघू” म्हणायच्या. आज मात्र साहेबांनी संधी साधली.

“मी यंत्र बसवतो. पॅनेल आपलं आपण सूर्यामागे फिरेल. फिरलं तर अनुग्रह द्यायचा.”

आक्कांनी गोठ्याकडे पाहिलं.

“दोन दिवस. कुणाचा हात लागायला नको. आणि गाई तहानल्या राहायला नकोत.”

“दिला शब्द!”

आठ दिवस साहेब घाम गाळत होते. भंगारातली वायपरची मोटर, सायकलची चेन आणि फरसाणाच्या डब्यात बसवलेलं सर्किट. पॅनेलच्या कपाळावर उजेड ओळखणारे दोन इवलेसे डोळे, मध्ये पत्र्याचा पडदा. ज्या डोळ्यात उजेड जास्त, त्या बाजूला मान वळायची. साहेब स्वतःवरच इतके खूश झाले की त्या डब्याला त्यांनी हार घातला.

पहिल्या दिवशी सकाळी पॅनेल शहाण्यासारखं वळू लागलं. साहेबांनी मिशीवर ताव दिला.

दहा वाजता मुदपाकखान्यातल्या अनसाबाईंनी राखेनं लख्ख घासलेली परात भिंतीला टेकवून वाळत ठेवली. झालं! एका डोळ्यात सूर्य, दुसऱ्यात परात. पॅनेल डावीकडे वळलं. उजवीकडे वळलं. पुन्हा डावीकडे. भर अंगणात ते नाही नाही म्हणत मान हलवू लागलं आणि पंप उचकी लागल्यासारखा थुंकायला लागला.

“आक्का! हे काय?”

“मला काय विचारतोस? त्याला विचार.”

पॅनेलला हात लावायचा नाही, पण परातीला कोण अडवतंय? साहेबांनी उपरणं काढून परातीवर टाकलं. पॅनेल शांत झालं. मग दूधवाल्याची कॅन चमकली, तिच्यावर सदरा गेला. मग तांब्याचा हंडा चमकला, त्यावर अंगातलं बनियन! दुपारपर्यंत वीज खात्याचा माजी अधिकारी नुसत्या धोतरावर, उघड्या अंगानं अंगणभर पळत होता. दर्शनाला आलेल्या बायकांनी त्यांना मठाचा गडी समजून चपला सांभाळायला दिल्या. साहेबांनी त्याही सांभाळल्या. काय करतात बिचारे!

पण संध्याकाळी सूर्य टेकला तेव्हा पॅनेल नेमकं त्याच्यासमोर होतं. हौद काठोकाठ भरला होता.

“बघितलंत?” साहेबांनी उघडी छाती फुगवली. “हात लागला का कुणाचा?”

“नाही रे बाबा. पळालास मात्र खूप.”

“उद्या सकाळी येतानाच नारळ घेऊन येतो, आक्का!”

दुसऱ्या दिवशी साहेब उजाडल्यावर अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, नारळ आणि शेला घेऊन टेकडी चढले. वरून गाईंचं हंबरणं ऐकू येत होतं. साहेबांनी भराभर पाय उचलले.

रात्री गाईंनी हौदाचा तळ गाठला होता. ऊन अंगणभर पसरलं होतं. पंप गप्प होता.

आणि पॅनेल पश्चिमेकडे तोंड करून बसलं होतं. ऊन सगळं पाठीवर. दोन्ही डोळ्यांत सारखाच अंधुक उजेड, म्हणून हलायचं नावच नाही. सकाळी पुन्हा पूर्वेकडे वळायचं असतं, हे साहेब त्याला सांगायलाच विसरले होते.

आक्का कडुनिंबाखाली होत्या. दोरी तिथेच खुंटीला होती. हात लावला तर अनुग्रह गेला. नाही लावला तर…

एक गाय रिकाम्या हौदाचा दगड चाटू लागली.

साहेबांनी नारळ खाली ठेवला. दोरी सोडली, पॅनेलच्या कडीला बांधली आणि सगळा जोर लावून ओढली. चेन कडकड करत निखळली. पॅनेल पूर्वेला आलं. पंप खोकला, आणि हौदात पाण्याची धार पडली.

गाईंनी माना खाली घातल्या. साहेबांना रडू फुटलं.

“हरलो, आक्का. गेलं सगळं.” त्यांनी हार घातलेल्या डब्यावर रागानं मूठ उगारली. “पाठीमागे एवढा ढळढळीत सूर्य! आणि हा मूर्ख तिकडेच बघत बसला!”

आक्का उठल्या. साहेबांची मूठ धरून हळूच खाली घेतली.

“रागावू नकोस रे त्याच्यावर… काल तिकडेच दिसला होता त्याला.”