जलालचाचांचा कागद

नदीकाठच्या एका गावात जलालचाचा नावाचे एक कागद करणारे राहत होते. सुती चिंध्या कुटून त्यांचा लगदा करायचा, तो हौदात कालवायचा, चाळणी बुडवून वर काढायची आणि तळहातांनी हेलकावे देत पाणी निथळू द्यायचं. चाळणीवर उरे तो ओला कागद. त्यांची बायको मेहरूनबी तो उचलून भिंतीवर वाळत लावी. चाचांच्या कागदाला तोड नव्हती, आणि ते चाचांना पक्कं ठाऊक होतं.

एकदा शहरातून चारुता नावाची एक चित्रकार त्यांच्याकडे आली. ती म्हणाली, "चाचा, मला तुमचा कागद हवा आहे. मी आधी संगणकावर चित्र करते, मग यंत्रानं ते लाकडात कोरून घेते, आणि त्या ठशाला शाई लावून हातानं कागदावर छापते."

चाचांच्या कपाळावर आठी पडली. चित्र संगणकाचं, कोरणं यंत्राचं, मग हिचं काय? त्यांनी कागद द्यायचं कबूल केलं, पण मन लावून केला नाही. लगदा अर्धवट कुटला. चाळणी कशीबशी हलवली. काही ठिकाणी कागद नुसता विरविरीत झाला.

कागद भिंतीवर लावताना मेहरूनबी थबकल्या. "हा तुमच्या हातचा वाटत नाही," त्या म्हणाल्या.

"संगणकवालीला काय कळतंय," चाचा म्हणाले.

चारुता तो कागद घेऊन गेली आणि पुढे काही महिन्यांनी परत आली. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. तिच्याबरोबर एक मोठा लाकडी ठसा होता आणि संगणक होता. चाचांच्या अंगणातच ती त्या कागदावर छपाई करणार होती. आधी तिनं संगणक उघडून चाचांना चित्र दाखवलं.

चाचा पाहतच राहिले. ते एक अफाट रान होतं. पांढऱ्या वेली एकमेकींत गुंतल्या होत्या, काही झाडाच्या बुंध्याएवढ्या जाड, काही कोळ्याच्या धाग्यासारख्या. त्यांच्या मागून कुठूनसा उजेड झिरपत होता.

"कुठलं रान आहे हे?" त्यांनी विचारलं.

"रान नाही, चाचा. तुमचा कागद आहे. तिळाएवढा तुकडा खालून उजेड देऊन मोठा केला."

चाचा खाली बसले. बोटानं त्यांनी पडद्यावरच्या वेली दाखवल्या. "या अशा उभ्या-आडव्या कशा बसल्या?"

"तुम्ही चाळणीला हेलकावे देता ना, त्यानं. तुमचा हात जसा फिरतो तसे धागे बसतात."

चाचांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. उभा जन्म या हातांनी कागद केला, पण आपण काय करतो हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. आणि दाखवलं कुणी, तर ज्याला त्यांनी नाक मुरडलं होतं त्या यंत्रानं.

"आणि हे बघा," चारुता म्हणाली. रानाच्या मधोमध एक मोकळी जागा होती. तिथे एकही वेल नव्हती. "हे तळं मला सगळ्यात आवडलं. सगळं चित्र मी याच्याभोवतीच उभं केलंय."

चाचांचा चेहरा उतरला. ते तळं नव्हतं. विरविरीत राहिलेली जागा होती ती. चारुताला ते कळलं नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. ठसा कोरून तयार होता. गप्प राहिलं तर सगळं सुरळीत पार पडणार होतं. दारात मेहरूनबी उभ्या होत्या.

"ताई, ते तळं नाही," चाचा म्हणाले. "तिथं माझा हात फिरलाच नाही. तुझं काम यंत्राचं म्हणून मी तुला मुद्दाम हलका कागद दिला."

चारुतानं ठशावर हात ठेवला. "मुद्दाम?" तिनं विचारलं.

"हो. आता तू म्हणशील ते. पण मला कागद पुन्हा करू दे."

चारुतानं ठसा कापडात गुंडाळून बाजूला ठेवला. प्रदर्शनातली एक भिंत काही दिवस रिकामी राहील, असं तिनं शहरात कळवलं. चाचांनी चिंध्या निवडण्यापासून सुरुवात केली. नव्या कागदाचं नवं चित्र झालं, नवा ठसा कोरला गेला, आणि त्याच कागदावर चाचांच्या अंगणात ते छापलं गेलं.

ती भिंत भरली तेव्हा चाचा आणि मेहरूनबी शहरात गेले. जमिनीपासून छतापर्यंत, कागदाला कागद जोडून, तसंच रान पसरलं होतं. लोक आत येत आणि आपोआप हळू बोलू लागत. चाचा डोक्यावरची टोपी सावरत कितीतरी वेळ उभे होते. कुठंच मोकळी जागा नव्हती. एकेका धाग्यानं दुसऱ्याला धरून ठेवलं होतं.

"एवढं सगळं एका कागदात असतं?" मेहरूनबींनी हळूच विचारलं.

"हात फिरला तर असतं," चाचा म्हणाले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कलेला हलकं लेखून केलेलं काम आपलंच हलकं होतं; आणि ती चूक मोकळेपणानं कबूल करून जो काम नव्यानं करतो, त्यालाच आपल्या कलेची खरी थोरवी दिसते.