दारामागचे दार

एका गावात घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहत, नाव अच्युतराव सोहनी. त्यांची पत्नी शालन सकाळी केर काढताना गुणगुणत असे. एकदा अच्युतरावांनी तिच्या नकळत ते गुणगुणणे टिपून संगणकात ठेवले होते. ती गेली आणि तिचा आवाज तेवढा उरला.

गावाला इंटरनेट देई बापू केबलवाला. घरोघरी त्याचा राउटर होता आणि सगळ्या राउटरांना एकच पासवर्ड. तोही त्याच्या दुकानाच्या पाटीवरचे नावच! "घरागणिक वेगळा लक्षात कोण ठेवणार?" तो म्हणे.

अच्युतरावांना हे रुचेना. त्यांनी स्वतःचा राउटर आणला, बापूच्या राउटरामागे जोडला, त्याला आपला गुप्त पासवर्ड दिला आणि संगणक त्यावर घेतला.

बापू हसला. "काका, टोपीवर टोपी? माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे ना. म्हणून तर तुझा काढला नाही. पण वेशीला दरवाजा आहे म्हणून कोणी घराची कडी काढून ठेवतं का?"

शेजारच्या नलूताई म्हणाल्या, "सोहन्यांकडे असं काय घबाड आहे, बाई!"

अच्युतरावांनी हातातल्या घड्याळाला किल्ली दिली.

पुढे इंटरनेट रखडू लागले. "तुमच्या त्या दुसऱ्या डब्यामुळेच. काढून टाका," बापू म्हणाला. रोजच्या टोमण्यांनी अच्युतरावही कंटाळले होते. हात वायरीपर्यंत गेला. क्षणभर तिथेच थांबला, आणि मागे आला. रखडले तर रखडू दे.

मग एके दिवशी कुणा दूरच्या भामट्याला बापूचा पासवर्ड सापडला. तो घरोघरच्या राउटरात शिरला आणि तिथून संगणकांत. नलूताईंच्या लेकीच्या लग्नाचे सारे फोटो गेले. बापू धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काका, तुमच्याकडच्या माझ्या राउटरातही शिरलाय तो!"

अच्युतरावांनी संगणक सुरू करून तो टिपलेला आवाज लावला. आधी केरसुणीची सरसर आली. मग तिच्यावरून हलकेच शालनचे गुणगुणणे. भामटा आतल्या दारावरून परत फिरला होता. अच्युतरावांचा जीव भांड्यात पडला. ते खुर्चीत बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"काकू?" बापूने हळूच विचारले.

"हेच ते घबाड."

बापूने मान खाली घातली. "सगळ्यांकडे असा दुसरा राउटर लावून देतो, काका."

"दे. पण आधी प्रत्येक घराचा पासवर्ड वेगळा कर."

तात्पर्य: वेशीच्या राखणदारावर विश्वास जरूर ठेवावा, पण जे गेले तर पुन्हा मिळणार नाही, त्याच्या दाराची कडी आपल्या हातानेच लावावी.