नामू आणि लाकडी चांदणी

टेकडीच्या पायथ्याशी मोगऱ्याचा मळा होता. शेवंतीची आई तिथे दिवसभर फुलं तोडायची, तेव्हा कुठे घरची चूल पेटायची. आठ वर्षांची शेवंती धाकट्या नामूला बांधावर खेळवायची. नामू चार वर्षांचा झाला, तरी एक शब्द बोलत नव्हता. "मठ्ठच दिसतंय पोरगं," मळ्यातल्या बायका म्हणायच्या. आई खाली मान घालून फुलं तोडत राहायची.

एका सकाळी झुडपात काहीतरी लुकलुकलं. कोळ्याच्या जाळ्यात इवलीशी परी अडकली होती! बाभळीच्या फुलासारखा पिवळाधमक झगा, दवासारखे चमचमते पंख. शेवंतीने गवताच्या काडीने तिला अलगद सोडवलं. जाळंही फाटू दिलं नाही.

"गुणाची गं पोर!" परी म्हणाली. "तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन."

"माझ्या नामूला हुशार कर."

"हुशारी मला डोक्यात ओतता येत नाही, बाळा. ती खेळता खेळता वाढते. मी खेळ देईन. पण नामूचा खेळ नामूनेच सोडवायचा. तू सोडवलास, की खेळ नाहीसा!"

शेवंतीने खेळ मागितला. लाल, निळे, पोपटी मणी आले, त्याच रंगांच्या चिमुकल्या वाट्याही आल्या. नामूने लाल मणी निळ्या वाटीत टाकला. "असं नाही रे राजा," म्हणत शेवंतीने तो उचलला मात्र, सगळे मणी धुक्यासारखे विरले.

दुसऱ्या दिवशी शेवंतीने पुन्हा खेळच मागितला, तेव्हा मोराच्या चित्राचे तुकडे आले. नामू एकच तुकडा फिरवत बसला. बायका हसल्या. शेवंतीला राहवेना. तिने पिसारा जुळवला, आणि मोर भुर्रकन उडून गेला.

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एकच इच्छा उरली," परी हळूच म्हणाली. "स्वतःसाठी मागतेस? परकर किती विरलाय तुझा."

शेवंतीने परकराकडे पाहिलं, मग नामूकडे. "नको. खेळच दे."

लाकडी पेटी आली. झाकणाला गोल, चौकोनी भोकं, आणि एक चांदणीचं; सोबत त्याच आकारांचे लाकडी तुकडे. नामू लाकडी चांदणी ढकलू लागला. जाईना. शेवंती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. ऊन डोक्यावर आलं. नामूने चिडून चांदणी फेकली. शेवंतीने ती उचलली नाही. थोड्या वेळाने तो आपणच उठला, चांदणी घेऊन आला. बोटांनी तिची टोकं चाचपली, जराशी फिरवली...

टक्!

"गेली! ताई, गेली!"

आईच्या हातातली टोपली निसटली. पांढरीशुभ्र फुलं बांधभर पसरली, आणि तिने धावत येऊन नामूला उचललं.

"नुसतं बघत बसणं फार अवघड असतं, शेवंते. तू ते केलंस," परी म्हणाली. तिने पंख हलवले. मणी परत आले, मोर परत आला, आणि शेवंतीच्या अंगावर गुलबक्षी रंगाचा नवा परकर झुळझुळला. मग सोनेरी उजेड पसरला, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

"ती कोण? कुठे गेली? पंख का होते?" नामूने विचारलं. संध्याकाळपर्यंत तो विचारतच राहिला, आणि आईने त्याला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.