चिंधामायचे पाच दगड

सावरखेडीच्या वेशीवरची जुनी चिंच अजून रुजलीही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकताना राग आला तर येऊ द्या. सांगणाऱ्यालाही दरवेळी येतो.

त्या काळी ऊन वर्षागणिक वाढत चाललं होतं, असं म्हणतात. मोहफुलं वेळेआधी गळायची, होळीलाच विहिरी तळ दाखवायच्या. गावातली घरं जाड मातीच्या भिंतींची, त्यांत भर वैशाखातही गारवा असे. गावाबाहेर मात्र उघड्या काळ्या खडकावर पाथरवटांची वस्ती होती. गावाचं देऊळ त्यांनी बांधलं, गावाच्या जात्या-पाट्यांना टाकी त्यांनी लावली, आणि राहायला त्यांना मिळाली गवताची काडी उगवत नाही अशी जागा. त्यांच्या घरांवर दगडी फरश्यांचं छप्पर, ते दुपारी तव्यासारखं तापायचं.

चिंधामाय तिथली. मागल्या वैशाखात तिचा तान्हा नातू त्या छपराखाली तापून दगावला होता. आता सून रखमीचे पुन्हा दिवस भरत आले होते, आणि म्हातारीला एकच ध्यास लागला होता, की हे लेकरू जगलं पाहिजे. गाव आणि खडक यांच्या मध्ये निंबांची राई होती, राईत विहीर होती. दुपारी सगळी वस्ती तिथे जाऊन बसायची, म्हणून तगून होती.

त्या वर्षी पंचांनी हुकूम काढला. राई बंद. विहिरीचं पाणी गावासाठी राखायचं. आणि दुपारी कुणी बाहेर पडायचं नाही, ज्यानं त्यानं आपापल्या घरात बसायचं. लोकांच्या काळजीपोटी, बरं का! असल्या काळजीला आग लागो.

चिंधामाय चावडीवर गेली. पिंपळाच्या सावलीत पाच पंच आपापल्या दगडावर बसले होते. त्या दगडांवर बसल्याशिवाय दिलेला शब्द गाव मानत नसे, आणि एकदा बसलं की शब्द दिल्याशिवाय उठायचं नाही, अशी रीत होती. ते दगड तिच्याच सासऱ्यानं घडवले होते.

"माह्या सुनेपुरती तरी राई उघडा जी," ती म्हणाली.

व्यंकोजी मोकदम हा पंचांतला मोठा. तो मिशीत हसला. "ऊन काय तुमच्यावरच पडते का, माय? सगळ्याईले सारखंच हाये. एकाले सूट देली त सगळेच मांगतीन. जाय, घरात बस."

सगळ्यांना सारखं! सावलीत बसून हे बोलायला माणसाची जीभ रेटते तरी कशी?

चिंधामाय परतली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पुन्हा चावडीवर आली. हुकमामुळे गावाची दारं बंद होती, माणसं गारव्यात घोरत होती. तिनं दगडांवर हात ठेवला आणि म्हणाली, "चला बाप्पाहो, घरी." कुणी म्हणतात, तिनं ते एकेक करून डोक्यावरून नेले. कुणी म्हणतात, ते शेळ्यांसारखे तिच्यामागे चालत गेले. पाहिलं कुणीच नाही. पाहायला बाहेर होतं कोण?

सकाळी पंच पाण्याची वाटणी ठरवायला आले, तर दगड गायब. शोधाशोध झाली, ते सापडले खडकावर, चिंधामायच्या दारात. पहारी लावल्या, बैलजोड्या जुंपल्या, पण दगड तसूभर हलेनात. या खटाटोपात सूर्य डोक्यावर आला. वाटणी तर करायचीच होती. शेवटी पंच चरफडत तिथेच बसले, आणि बसताच कळवळले. वाटणी ठरेना, आणि उठावं तर रीत आडवी येत होती.

मोकदमानं छत्री मागवली. ती आणणाऱ्याला चिंधामायनं वाटेतच थांबवलं.

"ऊन सगळ्याईले सारखंच हाये नं जी? मंग बसा."

तेवढ्यात रखमीचं कण्हणं ऐकू आलं. तिला कळा सुरू झाल्या होत्या. मोकदम घाबरून म्हणाला, "अवं, तिले घरात न्या! उन्हात काहून ठेवली?"

"घरातच हाये ते. तुमीच त सांगतलं होतं."

मोकदमानं बसल्या जागेवरून घराच्या दगडी भिंतीला हात लावून पाहिला. त्याच्या तळहाताची कातडी भिंतीलाच राहिली, असं म्हणतात.

"राई उघडा," तो शेवटी म्हणाला. "पयले खडकावरच्याईले."

रखमीला उचलून राईत नेलं. मग म्हातारी माणसं गेली, लेकुरवाळ्या गेल्या. शेवटचं माणूस जाईपर्यंत चिंधामाय दारात बसून होती. निंबाखाली लेकरू रडलं, ते खडकापर्यंत ऐकू आलं. मुलगी झाली होती. सांगायला बायका धावत आल्या, तर चिंधामाय कुठेच नव्हती. पाच दगडांशेजारी सहावा दगड होता, आणि तेवढ्या उन्हात तो गार होता.

सावरखेडीची वैशाखातली ग्रामसभा आजही तिथेच भरते, भर दुपारी. सरपंच आणि सदस्य त्या पाच दगडांवर बसतात. सहावा दगड खडकावरच्या गरोदर बाईचा, नाहीतर थकल्या माणसाचा. टँकर आधी कुठे थांबवायचा, झाडं कुठे लावायची, कुणाचा पत्रा आधी झाकायचा, हे तिथेच ठरतं, आणि सुरुवात खडकापासून होते. मध्यंतरी एका सरपंचानं सभेसाठी मंडप घातला होता. वस्तीतल्या बायकांनी तो सोडला आणि अंगणवाडीच्या तापल्या पत्र्यावर नेऊन बांधला. सरपंच घाम पुसत बसला, आणि बसला ते बरंच झालं.

सभेचा पहिला प्रश्न ठरलेला आहे. सहाव्या दगडावर जे बसलं असेल ते विचारतं, "ऊन लागते का जी?"

सरपंचानं "लागते" म्हटल्याशिवाय सभा सुरू होत नाही.